न घेतलेले माप

मास्तरांची मुलगी ज्या वर्षी भिंतीचा आधार सोडून चालू लागली, त्या वर्षी मास्तरांनी मला दुकानात आणले. साल कोणते ते मला सांगता येणार नाही, कारण मला एक ते साठ एवढेच आकडे येतात. मित्रांनो, मी एका शिंप्याची, म्हणजे या मास्तरांची, जुनी टेप आहे. त्याच्या घरात जे घडले त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक कापडाला पिवळा लेप द्यायचा, त्यावर काळे आकडे छापायचे, साठ इंचांवर कापायचे आणि दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या ठोकायच्या, की आम्ही तयार. आम्ही बाराजणी एका पेटीत गुंडाळून बसलो होतो. बाजारात मास्तरांनी आम्हांला एकेक करून लाकडी फूटपट्टीशेजारी अंथरले. अकराजणी परत पेटीत गेल्या. "हिचा इंच म्हणजे इंचच आहे," असे म्हणून त्यांनी मला गळ्यात घातले. तेव्हापासून सकाळी दुकानाची फळी उघडल्यावर मी त्यांच्या गळ्यात आणि फळी बंद झाल्यावर खिळ्यावर, असा माझा दिवस ठरून गेला.

काम मला फार आवडे. माझा वेढा कमरेभोवती पडला की बहुतेक माणसे पोट आत ओढतात. मग मास्तर म्हणत, "श्वास सोडा साहेब, या पॅन्टमध्ये बसून जेवायचंही आहे तुम्हाला!" दुकानात हशा पिके. मास्तर आकडा मोठ्याने सांगत आणि दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या काकू तो वहीत लिहून घेत. काकू म्हणजे मास्तरांची बायको. काज, बटणे आणि तुरपाई हे त्यांचे काम. त्यांचे काज इतके रेखीव असत की गिऱ्हाईक सदरा उलटा करून आधी तेच पाही. "कात्री माझी, पण नाव हिच्या सुईचं," असे मास्तर सगळ्यांना सांगत, फक्त काकूंना सांगत नसत.

मास्तरांची एक सवय होती. घरच्या माणसाचे माप ते एकदाच घेत. मी दुकानात आले त्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा म्हणून काकूंच्या छातीचे माप घेतले होते. छत्तीस. त्यानंतर त्यांनी मला काकूंच्या अंगाला कधी लावले नाही. दर वर्षी थंडीच्या आधी ते काकूंसाठी लांब बाह्यांचा एक ब्लाउज शिवत आणि तो टेपेशिवाय, नुसत्या खडूने कापडावर रेघा मारून कापत. "तुझं माप माझ्या हातात आहे," ते म्हणत. शिलाईत ते थोडे कापड जास्त सोडत, त्यामुळे काकू थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी निभावून जाई. तेवीस वर्षे ब्लाउज बसला. मास्तर या गोष्टीची एवढी शेखी मिरवत की गिऱ्हाइकांसमोर ते काकूंना उभे करून वळायला लावत. काकू लाजून म्हणत, "अहो, पुरे! मी काय दुकानाची पाटी आहे का?"

मग ते वर्ष आले.

बेबी, म्हणजे भिंत सोडून चालणारी ती मुलगी, आता सासरी होती आणि तिला बाळ होणार होते. काकूंनी सात झबली शिवून ठेवली होती. त्यांच्या इवल्याशा बाह्या मीच मोजल्या होत्या. बाळ आले, पण श्वास न घेताच आले. बेबी माहेरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. काकूंनी झबली कपाटात सर्वांत खाली ठेवली आणि दुपारी दुकानात येऊन त्या एका कोटाची तुरपाई करत बसल्या.

दोन महिन्यांनी काकूंचा धाकटा भाऊ गेला. त्याला त्यांनी आईविना वाढवले होते. तो मालाचा ट्रक चालवत असे. एका वळणावर ट्रक उलटला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला काकूंनी पाणी दिले, बसायला सांगितले आणि मगच काय झाले ते विचारले.

त्यानंतर चार महिन्यांत दुकानाची इमारत पाडायचे ठरले. मास्तरांनी शिलाई मशीन, इस्त्री आणि कापायचे टेबल घराच्या बाहेरच्या खोलीत हलवले. दुकानाची पाटी तिथे मावली नाही, म्हणून ती पलंगाखाली गेली.

या सगळ्यात काकू रडल्या नाहीत. शेजारीण म्हणाली, "काकू म्हणजे खंबीर बाई हो!" नातेवाईक म्हणाले, "तू आहेस म्हणून घर उभं आहे." मित्रांनो, हे कौतुक ऐकून मलाही बरे वाटत होते. आज त्याची आठवण झाली तरी मला शरम वाटते. त्या कौतुकानंतर काकूंना रडायला जागाच उरली नाही.

मी आता घरातल्याच खिळ्यावरून पाहत असे. काज करता करता काकूंची सुई थांबे आणि डावा हात बरगड्यांखाली जाई. डोके दुखते म्हणून त्या गोळी घेत, तीही नुसत्या चहाबरोबर. आधी एक, मग दोन. ताटात वाढून घेत आणि ते ताट बेबीपुढे सरकवत. "तू खा, मी मघाशीच खाल्लं." मघाशी त्यांनी काही खाल्लेले नसे. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

थंडीच्या आधी मास्तरांनी नेहमीप्रमाणे खडू घेतला, रेघा मारल्या आणि कापले. काकूंनी ब्लाउज घातला. तो खांद्यावरून घसरला आणि पाठीवर पिशवीसारखा लोंबला.

मास्तरांनी ब्लाउजची पाठ चिमटीत धरून पाहिली. तुम्हांला वाटेल, आता त्यांना कळले असेल. नाही मित्रांनो. शिंप्याला कपडा सैल दिसला की तो आधी कात्रीवर संशय घेतो. मास्तरांचा चेहरा पडला. "माझा हात गेला," ते म्हणाले.

"काही नाही हो, एक शिलाई आत घेतली की झालं," काकू म्हणाल्या, आणि ती त्यांनी स्वतःच घेतली.

मास्तरांनी दुसरे कापड आणले. तेही सैल झाले. दुसऱ्या दिवशी ते डोळे तपासून घ्यायला गेले आणि नवा चष्मा करून आले. चष्मा लावून तिसरा ब्लाउज कापला. तो आणखीच सैल. तेव्हापासून त्यांनी गिऱ्हाइकांचे कापड कापायचेच सोडले. उसवलेले शिवणे, लांबी कमी करणे एवढेच काम ते घेत. जेवताना बोलेनासे झाले. नवऱ्याची ही अवस्था पाहून काकूंनी स्वतःचे दुखणे आणखी आत ढकलले. हा माणूस आधीच मोडलाय, त्याला आणखी काय सांगायचे, असे त्यांना वाटले असेल.

एका दुपारी मास्तर बाहेर गेले असताना काकूंनी मला खिळ्यावरून काढले. चोवीस वर्षांनी मी त्यांच्या अंगाला लागले. माझा वेढा पडला आणि मी हादरले. एकतीस! पाच इंच माणूस गेला कुठे? काकूंनी आकडा पाहिला. बेबीनेही तो दारातून पाहिला.

"आई, किती बारीक झालीस तू!"

"बरंच झालं की! लोक त्यासाठी पहाटे उठून पळतात, मला बसल्याजागी मिळालं." त्या हसल्या आणि मला गुंडाळून ठेवले. "बाबांना सांगू नकोस. त्यांच्या डोक्याला आधीच ताप कमी नाही."

कितीतरी दिवसांनी बेबीही थोडी हसली. तिने सांगितले नाही.

आठवड्याने जवळच्या दवाखान्यातली सिस्टर गणवेश शिवायला आली. फटकळ, पण जुने गिऱ्हाईक. "मास्तर, कात्रीवर रुसलात म्हणे? मला नाही चालायचं. माझं माप वाढलंय आणि ते तुम्हीच लपवायचं आहे." मास्तर इतक्या दिवसांनी हसले आणि त्यांनी मला गळ्यात घेतले. काकूंनी टाचण्यांची डबी पुढे केली. सिस्टरने डबी घेतलीच नाही. तिने काकूंचे बोटच धरले. नख कागदासारखे पांढरे होते.

"काकू, पोटात दुखतं?"

"थोडंसं. हे वर्षच तसं गेलं ना."

"शौचाला काळं होतं?"

काकू बोट सोडवू लागल्या. सिस्टर मास्तरांकडे वळली. "माझं राहू द्या. आधी यांचं माप घ्या."

"हिचं? हिचं छत्तीस आहे. चोवीस वर्षं छत्तीस आहे."

"घ्या तर खरं."

मास्तरांनी माप घेतले आणि माझ्याकडे रागाने पाहिले. "टेप ताणली गेलीय!" त्यांनी मला लाकडी फूटपट्टीशेजारी अंथरले, पहिल्या दिवशी अंथरले होते तसे. माझा इंच म्हणजे इंचच होता. त्यांनी पुन्हा माप घेतले. तीस.

"म्हणजे माझी कात्री चुकत नव्हती?"

"नाही हो," काकू म्हणाल्या.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चष्मा करून आलात. तुमच्याशी काय बोलू?"

त्याच तासाला रिक्षा बोलावली. मास्तर मला गळ्यातून काढायचे विसरले, म्हणून मीही दवाखान्यात गेले. तिथे काकूंना रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी सांगितले की जठरात मोठी जखम आहे आणि तिच्यातून बरेच दिवस रक्त झिरपत आहे. मग त्यांनी विचारले, "गेल्या वर्षभरात घरात काही घडलं का?"

मास्तर बोटांवर मोजू लागले. नातवंड. मेव्हणा. दुकान. तिसऱ्या बोटावर ते थांबले. त्यांनी हे तीनही एका माणसाच्या नावावर कधी मोजलेच नव्हते.

"त्यानंच झालं का हे?" त्यांनी विचारले.

डॉक्टर जपून बोलले. "दुःखानंच जखम झाली असं मी छातीठोक सांगणार नाही. उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांनीही घात केला. पण असे घाव एकामागून एक बसले की झोप जाते, भूक जाते, शरीराची झुंजायची ताकद कमी होते. लपलेलं दुखणं वर येतं. आणि अशा वेळी माणूस सगळ्यांकडे बघतो, फक्त स्वतःकडे बघत नाही."

"आम्ही तरी कुठं बघितलं?" बेबी म्हणाली, आणि आईने शपथेसारखे सोपवलेले ते एकतीस तिने बाबांना सांगून टाकले. मास्तरांनी तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यांनी तिला जवळ घेतले. माझे एक टोक तिच्या मुठीत आले आणि ते तिने बराच वेळ सोडले नाही.

रक्त चढवले. शस्त्रक्रिया झाली. एक दिवस काकू चांगल्या बोलल्या. "त्या सिस्टरचा गणवेश कापा आधी," म्हणाल्या, "आणि कमरेत थोडं कापड जास्त सोडा." त्या दिवशी त्या पहिल्यांदाच भावाच्या नावाने रडल्याही. डॉक्टरांनी त्यांना रडू दिले. पण शरीरात शिल्लक फार थोडी होती.

मित्रांनो, मी साठ इंचांची कापडाची पट्टी. मला दुःख मोजता येत नाही. पण दुःखाने अंगातून काय ओरबाडून नेले ते मी मोजले आहे, आणि तो आकडा खोटा नाही. तुमच्या घरात एखादा मृत्यू झाला, घर बदलले, कोणाचे काम सुटले, तर जो माणूस सर्वांत खंबीर दिसतो त्याच्याजवळ जाऊन बसा. तो जेवला का, झोपला का, कुठे दुखते का, हे विचारा. "मी बरी आहे" असे उत्तर आले तर पुन्हा विचारा. दुखणे दिसले तर डॉक्टरांकडे न्या. "कोणाला सांगू नकोस" असे तुमची आई म्हणाली, तरी सांगा. तुमच्या माणसाचे माप तुमच्या हातात आहे अशा भ्रमात राहू नका.

काकू शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वारल्या. त्यांना सत्तेचाळिसावे वर्ष चालू होते.