दोन तांदळांची ढील

पनवेलच्या कोळीवाड्यात काशिरामच्या गाठीला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. जाळं फाटलं की लोक आधी त्याच्या ओट्यावर येत आणि मग देवळात जात. गाठ मारताना तो तोंडातून चकार शब्द काढत नसे. मारून झाली की मात्र इतकं बोले, की ऐकणाऱ्याला वाटावं, फाटकं होतं तेच बरं होतं. समुद्र सोडून त्याला सहा वर्षं झाली होती. गुडघे कामातून गेले होते, पण बोटं आणि जीभ शाबूत होती.

अशा माणसाच्या ओट्यावर चौसष्ट सालच्या पौषात जाळ्याऐवजी विमान आलं. कोळीवाडा त्यावर काय काय बोलला ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. विमान लहान होतं, पण खेळण्यातलं नव्हतं. या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत ते काशिरामच्या बायकोच्या, मैनाच्या उंचीएवढं भरे. नाकात इंजिन, पोटात रेडिओ, आणि जमिनीवरच्या माणसाच्या हातात एक डबा. डब्यावरची कांडी अंगठ्याने हलवली की वर आकाशात विमान ऐकणार. निदान धर्मराज तसं म्हणत होता, आणि धर्मराज खोटं बोलत नसे. त्या घरात खोटं बोलण्याचं काम बापाकडे होतं.

धर्मराज म्हणजे काशिरामचा एकुलता एक मुलगा. मॅट्रिक झाला आणि मोठ्या बोटीवर लागला, तिथल्या रेडिओच्या खोलीत हाताखाली. चार वर्षांत जग बघून आला. जपानातून हा रेडिओचा संच आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं एक रीळ घेऊन आला. पुढच्याच खेपेला गोदीत शिडीवरून पाय सुटला आणि तो बोटीच्या पोटात आदळला. कमरेखालचं अंग त्याच दिवशी गेलं. पण तेवढ्यावर भागलं नाही. दोन वर्षांनी ते दुखणं वर चढू लागलं. गेल्या पावसाळ्यात डावा हात गेला. मुंबईच्या डॉक्टरने काशिरामला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, "उन्हाळ्यापर्यंत उजवाही जाईल. माझ्याकडे इलाज नाही."

काशिराम खोलीत परत आला आणि मुलाला म्हणाला, "डॉक्टर बोलतो, शिमग्यापर्यंत काठी धरून चालशील."

त्याआधी गणपतीपर्यंत चालणार होता, नंतर दिवाळीपर्यंत. डॉक्टरने धर्मराजलाही सगळं सांगून टाकलं होतं, हे बापाला ठाऊक नव्हतं. धर्मराज दर वेळी "बरं" म्हणायचा. म्हाताऱ्याला तेवढाच दिलासा, असं त्याच्या मनात असावं. बाप मुलाची समजूत घालत होता आणि मुलगा बापाची, आणि दोघांच्या मध्ये मैना बिचारी चूल फुंकत बसली होती.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, एवढाच ऐवज आता उरला होता. त्यातही स्पर्श बोथट झाला होता, बोट हललं की नाही ते बघितल्याशिवाय त्याला खात्रीने कळत नसे. त्या अंगठ्याने धर्मराजला एकदा विमान उडवायचं होतं. अंगठा हलतोय तोवर, एकदाच. दुसरं काही त्याने कोणाकडे मागितलं नाही, देवाकडेही नाही.

लाकूडकाम केलं कमळाकरने. त्याचं बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि तो शाळेपासूनचा मित्र. दोन महिने रोज दुकान बंद करून यायचा, खाटेशेजारी बसायचा आणि धर्मराज सांगेल तसं कापायचा, चिकटवायचा. सगळं जमलं. अडलं ते शेपटीच्या दोऱ्यांवर. कमळाकरने बांधलेली गाठ दर वेळी सुटे.

"नायलॉन गुळगुळीत आहे रे, धरतच नाही," तो वैतागला.

"दोरा नाय सुटत, बांधणारा सुटतो," काशिराम ओट्यावरून म्हणाला. "आण इकडं."

काम वरून दिसे तेवढं सोपं नव्हतं. विमानाच्या शेपटीला दोन हलत्या पट्ट्या. उभी पट्टी म्हणजे सुकाणू, ते काशिरामला सांगावं लागलं नाही. दुसरी आडवी. ती वर झाली की विमान नाक वर करणार, खाली झाली की खाली. प्रत्येक पट्टीसाठी पोटात एक छोटी मोटर, आणि मोटरला एक आडवी दांडी. दांडीच्या दोन्ही टोकांपासून दोन दोरे निघून विमानाच्या अंगातून थेट शेपटीपर्यंत जायचे. एक दोरा ओढला जाईल तेव्हा दुसऱ्याने तेवढंच सोडायचं. दोन्ही सारखे ताणलेले हवेत. जरा सैल राहिला की मोटर फिरेल, पण पट्टी जागची हलायची नाही.

"बाबा, बोट लावून बघ," धर्मराज खाटेवरून सांगे. "वाजतो काय?"

"वाजतो."

"दुसरा?"

"दुसरा जरा जाडा वाजतो."

"मंग तो अजून केसभर ओढ. दोगांचा आवाज एक झाला पायजे."

तीन दिवस हे चाललं. काशिराम डोळ्याला चष्मा, दातात दोरा, अशा थाटात बसे. चार दोरे, आठ गाठी. तिसऱ्या दिवशी चारही दोरे एका आवाजात वाजले. धर्मराजने कांडी मागे घेतली, पट्टी चटकन वर गेली. पुढे केली, खाली गेली.

"बाबा, जपानात पण आसं कोणी बांधलं नसंल," धर्मराज म्हणाला.

खरं सांगायचं तर काशिरामच्या आयुष्यात ते तीन दिवस सर्वांत सुखाचे होते. पोरगा पडल्यापासून त्याला पोरासाठी काहीच करता आलं नव्हतं. आता आलं होतं.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता निघायचं ठरलं. वारा चढायच्या आत विमान उडायला हवं होतं. काशिरामने कोंबड्याच्या आधी उठून बैलगाडी दारात आणली, गवत पसरलं आणि विमान गाडीत ठेवून तो बैलांना पाणी दाखवायला गेला. परत येऊन बघतो तर शेपटीवर दव. आडव्या पट्टीवर थेंब उभे होते. पट्टीच्या तोंडाशी बाहेर आलेला दोरा भिजून चमकत होता.

काशिरामला जुनी डोलकाठी आठवली. तरुणपणी एकदा, नवा सुताचा दोर डोलकाठीला करकचून बांधून तो घरी येऊन झोपला होता. दर्यावरच्या दवाने दोर भिजला, आवळला, आणि सकाळी डोलकाठी चिरलेली. बापाने त्याला अख्ख्या बंदरासमोर मारला होता. ओला दोर आवळतो, म्हणून बांधतानाच ढील ठेवावी, हे तेव्हापासून त्याच्या हाडात मुरलं होतं. आणि ही शेपटी डोलकाठीही नव्हती. पापडासारखं लाकूड. हा दोरा आणखी आवळला तर पट्टी उपटून येईल.

धर्मराजला विचारावं म्हणून तो आत गेला. पोराचा रात्रभर डोळा लागला नव्हता, तो आत्ता कुठे लागला होता. त्याला उठवावं कशाला? चाळीस वर्षं दोर हाताळलेल्या माणसाने दोराची गोष्ट पोराला विचारायची?

तो बाहेर आला. आडव्या पट्टीच्या दोन्ही गाठी त्याने नखाने सोडल्या, दोन तांदळांच्या दाण्यांएवढी ढील दिली आणि पुन्हा तशाच बांधल्या. सुकाणूचे दोरे आत कोरडे होते, त्यांना हात लावला नाही. आपण नसतो तर आज पोराचं विमान मोडलं असतं, असं म्हणत तो स्वतःवरच खूश झाला.

करंजाड्याच्या बाजूला, मिठागरांच्या अलीकडे, खाडीला लागून एक सुकलेलं मोकळं रान होतं. तिथे गाडी सोडली. खाट खाली उतरवून, गवताच्या पेंढ्या पाठीशी लावून धर्मराजला बसता केला. डबा छातीशी बांधला. कमळाकरने इंजिन सुरू केलं, तसे बैल बिथरले. काशिराम त्यांची वेसण धरून उभा राहिला.

"आडवी बघ," धर्मराज ओरडला आणि कांडी मागे घेतली.

"हलतेय!" कमळाकर ओरडला. हलत होती खरी. इंजिनाच्या धडधडीत थोडी कमी हलली काय नि जास्त हलली काय, त्याला कुठे कळायला.

कमळाकर वीस पावलं धावला आणि त्याने विमान सोडून दिलं. ते आधी जरा खचलं, मग सावरलं आणि चढू लागलं. धर्मराजने ते खाडीवरून डावीकडे वळवलं. वळलं! त्याच्या अंगठ्याने तिकडे आकाशात विमान वळलं. धर्मराज हसत होता. पडल्यानंतर तो असा मोठ्याने कधी हसला नव्हता. काशिरामच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

एक फेरी पुरी झाली. दुसऱ्या फेरीत विमानाने नाक खाली घातलं.

"वर घे," कमळाकर म्हणाला.

"घेतोय."

"अरे, वर घे, वर!"

"घेतोय रे!"

विमान वेगाने खाली येत राहिलं आणि तिवरांच्या मागे, खाडीच्या चिखलात गेलं. इंजिनाचा आवाज बंद झाला.

कमळाकर खाडीकडे बघत होता. धर्मराज बघत होता स्वतःच्या अंगठ्याकडे.

"गेला," तो म्हणाला. "बाबा, हा पण गेला."

काशिराम तिवरांत शिरला. मांडीएवढ्या चिखलातून, दुखऱ्या गुडघ्यांनी वाट काढत तो विमानापाशी पोचला. पंख तुटले होते, नाक चेपलं होतं, अर्धं अंग पाण्यात होतं. शेपटी मात्र धड होती. त्याने फुटलेल्या पोटात बोट घालून मोटरची दांडी ढकलली. आडवी पट्टी जागेवरच. अजून ढकलली, तेव्हा जरा हलल्यासारखी झाली. दोरा लोंबत होता. दवाने आवळायचा तो आवळला नव्हता. दिलेली ढील तशीच राहिली होती, उलट वाढली होती. वर वाऱ्याचा जोर पट्टीवर आला असणार आणि त्या ढिलीत पट्टी नुसती दबून राहिली असणार.

हे आपण केलं. पण पाठोपाठ दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि त्याने विमान छातीशी धरून जवळजवळ धावायलाच सुरुवात केली. पोराचा अंगठा धड होता! आज पहिल्यांदाच त्याच्याकडे पोराला सांगण्यासारखी गोष्ट होती, जी चांगलीही होती आणि खरीही.

"धर्मा, तुजा अंगठा गेला नाय!" तो लांबूनच ओरडला. "माजी चूक झाली. मी ढील दिली. सकाळी दव पडलं व्हतं, दोर आवळंल म्हणून मी गाठी सोडल्या. हे बघ, हे बघ कसा लोंबतो!"

त्याने शेपटी मुलासमोर धरली. धर्मराजने दोऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, नायलॉन भिजला की सैल व्हतो," तो शांतपणे म्हणाला. "सुतासारका आवळत नाय. खाडीत पडला म्हणून लोंबतो."

काशिराम उभाच राहिला. "सैल व्हतो?"

"हां."

"म्हंजे... पण मी गाठी सोडल्या रे! माज्या हातानं सोडल्या. दोन तांदळांएवढी ढील दिली. कमळाकर, तू सांग ह्याला!"

कमळाकर सरळ माणूस. तो म्हणून गेला, "पण काका, मी बघितलं तेव्हा पट्टी हलत होती." बोलून गेल्यावर त्याला काशिरामचं तोंड दिसलं. मग घाईघाईने म्हणाला, "असेलही तसं. काका म्हणतात तसंच असेल, धर्मा. आपण दुसरे पंख करू की. महिनाभरात उभं करू."

हे बोलणं आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं झालं, आणि ते तिघांनाही कळलं.

"मना वाईट वाटंल म्हणून आळ आंगावर घेतोस," धर्मराज बापाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "गणपतीला चालणार व्हतो. दिवाळीला चालणार व्हतो. डॉक्टरनी मना तवाच सगलं सांगितलं व्हतं, बाबा. तुज्यावर माजा राग नाय. पण आता बस झालं."

"आईची आण, धर्मा. आज खरं सांगतो."

"बरं," धर्मराज म्हणाला.

काशिरामने मोडकं विमान गाडीत ठेवलं आणि बैल जुंपले.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. मैनाने भात कालवून ताटली खाटेवर ठेवली आणि चमचा धर्मराजच्या उजव्या हातात दिला. कालपर्यंत तो चमचा बोटांत धरून आपला आपण जेवायचा. अर्धं सांडायचं, पण कोणाला हात लावू देत नसे. आज त्याने चमचा खाली ठेवला.

"आये, तू भरव."

मैनाने नवऱ्याकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि घास भरवू लागली. काशिराम उंबऱ्यात बसून होता. भाताच्या वासाने एक माशी आली आणि धर्मराजच्या हातावर बसली. अंगठा झटक्यात हलला, माशी उडाली.

"हलला!" काशिराम ताडकन उठला. "धर्मा, आता हलला! मी बघितला!"

"हां, बाबा," धर्मराज म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.