भोंगा गप्प बसतो

"आज तू तोंड उघडलंस ना, तर आपला पट्टा गेलाच म्हणून समज," बाई म्हणाल्या आणि भोंग्याच्या पुढ्यातला माइक त्यांनी सरळ आपल्याकडे ओढून घेतला.

भोंग्याचं केस कापायचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा, संध्याकाळी माळ्यावरच्या रेडिओसेटवर जगभरच्या हौशी मंडळींशी गप्पा. नाव बायकोनंच ठेवलेलं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव सगळे विसरून गेले. हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेचा तो चिटणीस आणि बाई प्रमुख. बाईंनी त्याला शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे चारचौघांत झापायचाही त्यांना हक्क होता.

रेडिओच्या कुठल्या लहरी कुणी वापरायच्या, ते ठरवायला सगळे देश जमले होते. विमानं, जहाजं, उपग्रह, ज्याला त्याला जागा हवी. त्या गर्दीत हौशी लोकांचा एक अरुंद पट्टा होता, आणि तो समुद्रावर नजर ठेवणाऱ्या रडारला द्यावा असा एका देशाचा हट्ट होता. कराराच्या मसुद्यात पट्टा राखणारं वाक्य चौकटी कंसात अडकून पडलं होतं. कंस म्हणजे वाद मिटलेला नाही. आज कंस उतरले नाहीत तर वाक्यच उडणार होतं.

भोंग्याला झोप नव्हती ती अप्पांमुळे. समुद्रापलीकडे राहणारे अप्पा आयुष्यभर दीपगृहावर राबले, म्हातारपणी डोळे गेले. भोंग्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच पट्ट्यावर दोघांची रोजची बैठक. "फोन आहे की तुमच्याकडे," असं कुणी म्हटलं की अप्पा उसळायचे, "फोनवर एक माणूस भेटतो रे! इथं मी चार लोकांत जाऊन बसतो." पट्टा गेला की म्हाताऱ्याचं घराबाहेर पडणंच संपणार होतं.

सभापतींनी वाक्य वाचलं. "कुणाचा आक्षेप?"

समोरच्या रांगेतून बोलायची परवानगी मागणारी, देशाच्या नावाची एक पाटी वर झाली. हट्टी देशाचे उंच साहेब!

"ही मंडळी करतात काय?" साहेब अगदी सावकाश बोलत होते. "तुमच्याकडे ऊन आहे का, जेवलात का, एवढंच विचारत बसतात. या रिकामटेकड्यांसाठी आम्ही जागा अडवायची?"

भोंगा तापलाच. वादळात सगळे फोन बंद पडले तेव्हा बोटींची खबर याच रिकामटेकड्यांनी पोहोचवली होती! उत्तर जिभेवर तयार होतं, चांगलं धारदार. तो अर्धा उठलासुद्धा. बाईंनी त्याच्या कोटाची बाही पकडून त्याला खाली बसवलं.

"सोडा बाई, एकदाच सुनावतो."

"त्याला तेच हवंय," बाई कुजबुजल्या. "एकट्यानं आक्षेप घेऊन सगळ्यांचा रोष त्याला ओढवून घ्यायचा नाही. तू उत्तर दिलंस की चर्चा परत सुरू. मग सगळे पाट्या वर करतील. गिळ!"

सभापतींनी साहेबांना विचारलं, "हा आक्षेप समजायचा का?"

साहेबांनी भोंग्याकडे पाहिलं, वाट पाहिली. भोंग्यानं ओठ आवळले, कान लाल झाले. दुकानात कुणी त्याच्या तोंडावर असं बोललं असतं तर अर्धे केस कापून हाकलला असता! पण तो हूं की चूं न करता बसून राहिला.

"नाही," साहेब शेवटी म्हणाले. "फक्त नोंद."

"आणखी कुणाचा?"

एवढा मोठा हॉल, पण एकही पाटी वर झाली नाही. सभापतींचा मंजुरीचा हातोडा पडला. भिंतीवरच्या पडद्यावर वाक्य होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कंस नाहीसे झाले होते. बाई चष्मा काढून ढसाढसा रडू लागल्या आणि भोंग्यानं त्यांना भर सभेत मिठी मारली.

परिषदेच्या इमारतीतच हौशी लोकांसाठी एक रेडिओसेट ठेवला होता. भोंगा तिकडे पळतच गेला. खरखरीतून अप्पांचा आवाज आला.

"काय झालं रे?"

"जिंकलो अप्पा! पट्टा आपलाच!"

पलीकडून टाळी वाजल्याचा आवाज आला.

"बोललास काय तू एवढं?"

"एक शब्दही नाही."

"थापा मारतोस!" अप्पा खदखदून हसले, मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे उद्या संध्याकाळी आहेस ना?"

"आहे अप्पा. उद्याही आहे, परवाही आहे."

"बरं. मग आता सांग, ऊन आहे का तुमच्याकडे?"

भोंग्यानं खुर्ची पुढे ओढली आणि खिडकीबाहेर नीट बघून सांगायला सुरुवात केली.