तांडा दारात, कडबा कुठाय?

मांजरी गावाच्या वेशीवर घुंगरं वाजली आणि पाटलीण मुक्ताबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून पदर खोचत धावली. भैरू नाईकाचा लमाणी तांडा आला होता! बैलच बैल, वाटेवर धूळ मावेना. ह्याच बैलांच्या पाठीवरून तिचा कापूस पुणं ओलांडून, बोरघाट उतरून पनवेलच्या बंदरात पोचणार आणि टोपीकर इंग्रजांच्या गलबतातून थेट चिनाला जाणार. चीन कुठल्या दिशेला हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथली माणसं उघडीनागडी बसून मांजरीच्या कापसाची वाट बघतायत, याबद्दल मुक्ताबाईला तिळमात्र शंका नव्हती.

औंदा तिच्याच हट्टापायी गावानं सगळ्या काळ्या रानात कापूस पेरला होता. गायरानसुद्धा नांगरून काढलं. एकट्या धाकट्या जावेनं, शकूनं, ज्वारी सोडली नाही. तेव्हा मुक्ताबाई भर पाणवठ्यावर म्हणाली होती, "शकूला पालखीत बसवा, तिथंबी भाकरीच थापील."

नाईकानं अंगणातले कापसानं ठासून भरलेले बोद दाबून पाहिले. मान डोलावली. मुक्ताबाईला आभाळ ठेंगणं झालं.

"माल झकास हाय, बाई. आता बैलांना कडबा दावा. पहाटे लादतो."

ज्या गावचा माल उचलायचा त्या गावानं बैलांचं पोट भरायचं, ही तांड्याची जुनी रीत. मुक्ताबाईनं लेकाकडं, संपतकडं पाहिलं. संपतनं आभाळाकडं पाहिलं.

"कापसाची वाळली पऱ्हाटी हाय की," तो पुटपुटला.

"पऱ्हाटी तू चाव! माझी जनावरं हायती, चुली न्हाईत. चारा नसंल तर निघालो फुरसुंगीला."

"आन मग आमचा कापूस?" मुक्ताबाई मधेच बोलली.

"पुढल्या साली. गलबतं काय तुमच्यासाठी पावसाळ्यात थांबत्यात व्हय?"

वर्षाची मेहनत अंगणात आणि बैल परत वळायला लागलेले! मुक्ताबाईनं मागं-पुढं पाहिलं नाही. शकूच्या दारी ती जन्मात पहिल्यांदा पळत गेली. अंगणात कडब्याची गंजी उभी होती, घराहून उंच.

"शके, गंजी सोड!"

"या आक्का. चिनात कडबा पिकत न्हाई जणू?"

"टोमणे उद्या मार. तांडा चाललाय!"

"मग माझी जनावरं उन्हाळाभर काय खातील? गायरान तर तुम्ही नांगरलंत."

"कापसातनं काढलेली माझी सगळी सरकी तुझ्या गोठ्यात टाकते."

"आन मिरगापासनं गायरान मोकळं. नांगर लावायचा न्हाई."

त्याच गायरानात यंदा सगळ्यात जास्त बोंडं फुटली होती. बाहेर घुंगरं लांब जायला लागली.

"दिलं!"

"चारचौघांत सांगा."

मुक्ताबाई पदर कमरेला घट्ट बांधून गंजीवर चढली आणि पहिली पेंढी खाली फेकत साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "नाईक, वळवा बैल! आन ऐका रं गावकऱ्यांनो, मिरगापासनं गायरान गुरांचं!"

"पण पाटलीणबाई, तुम्हीच तर म्हणाला होतात की..." खालून कुणीतरी सुरू केलं.

"तोंड मिट आन पेंढ्या उचल!"

बैल पुन्हा गावाकडं वळले होते. शकूही हसत गंजीवर चढली, आणि दोघी जावा भराभरा पेंढ्या फेकायला लागल्या.