माफी ऐकलेला दोर

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, जागोजागी झिजलो आहे, पण तुटलेलो नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्यावर एकदा भलताच आळ आला होता. मी अंबाडीचा दोर आहे. पुसेगावच्या पलीकडं एका लहान गावात, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर माझा मुक्काम असतो.

गावातल्या सोनाजींनी मला वळलं. अंबाडीच्या काड्या ओढ्यात भिजवून त्यांनी सालीचा वाख, म्हणजे धागा, सोलला, धुतला आणि अंगणात उभं राहून असा पीळ दिला की अजून सैल पडलेला नाही. उमेदीची वर्षं विहिरीवर पाणी शेंदण्यात गेली. माझ्याशिवाय गावात चूल पेटत नव्हती, म्हणून थोडी घमेंडही होती. पुढं विहिरीवर मोटार बसली आणि मला कुणी विचारेना. मी रुसलो, खोटं कशाला बोलू! शेवटी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुक्माबाईंनी मला विहिरीवरून उचलून शाळेत आणलं. रस्सीखेचीत पोरं मला दोन्हीकडून ओढायची, धपाधप पडायची आणि हसायची, तेव्हा कुठं माझा रुसवा गेला.

यंदाच्या नागपंचमीला शाळेतल्या कडुलिंबाला माझा झोका बांधला. सातवीतली राजनंदिनी त्यावर बसली, उंच गेली आणि मी एका बाजूनं सुटलो. ती पडली. हात मोडला. तिचं रडणं मला ऐकवेना.

तिचे वडील उत्तमराव शाळा समितीचे अध्यक्ष. ते धावत आले, मला खाली लोंबताना पाहिलं आणि म्हणाले, "सडका दोर हाय. माझ्या लेकराचा हात मोडला ह्यानं. चुलीत घाला." बाप होते ते, रागावणारच. पण माझी टोकं कुणीच हातात घेऊन पाहिली नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

रुक्माबाईंनी मला झाडावरून सोडवून घेतलं. श्रावणातल्या सरींनी मी चिंब भिजलो होतो. त्या म्हणाल्या, "ओला हाय त्यो. आता घातला तर नुसता धूर होईल, लेकरायच्या डोळ्यात जाईल. वाळू द्या, मग घालते." आणि त्यांनी मला चुलीजवळच्या खुंटीवर टांगलं. एरवी मला ऊब आवडते. पण जितका लवकर वाळेन तितका लवकर जळेन, हे कळत असताना ऊब कसली गोड लागते!

स्वयंपाकघराला लागूनच सातवीचा वर्ग आहे. दोन दिवसांनी ज्योती मॅडम मुलांना इंग्लंडचा इतिहास सांगत होत्या. तिथं एके काळी मेंढी चोरली तरी फाशी व्हायची, आणि ती पाहायला जत्रेसारखी गर्दी जमायची. फाशीचं काम माझ्याच भाऊबंदांकडून करवून घेत. ऐकून मला लाज वाटली. मग मॅडमनी १९५० सालची गोष्ट सांगितली. एका माणसाला स्वतःच्याच तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी दिली. तो सांगत होता की खून मी नाही केला, शेजाऱ्यानं केला. तीन वर्षांनी त्याच शेजाऱ्याच्या घरात काही बायकांची प्रेतं सापडली. लोक हादरले. अशा चुका पाहूनच त्या देशाचं मन हळूहळू पालटलं. १९६५ साली खुनासाठीची फाशी आधी थांबवली आणि पुढं कायमची बंद केली. फाशी गेलेल्या त्या माणसाला सरकारनं मागाहून माफीही दिली. आपल्याकडं ही शिक्षा अजून आहे, असंही मॅडम म्हणाल्या.

राजनंदिनी प्लास्टर घालून बसली होती. तिनं विचारलं, "मॅडम, खरं आधीच कळलं असतं तर?"

"तर तो घरी गेला असता," मॅडम म्हणाल्या.

 मग राजनंदिनीचा रडका आवाज आला. "दोर तुटला न्हाई, मॅडम. गाठ मीच सोडली व्हती. पाय भुईला लागून राहिले व्हते, म्हणून झोका वर घेतला. अन् रिबिनीची बांधतो तशीच गाठ मारली. पप्पा रागावतील म्हणून बोलले न्हाई."

मॅडमनी उत्तमरावांना बोलावून घेतलं. लेकीनं सगळं पुन्हा सांगितलं. ते तिला रागावले नाहीत. स्वयंपाकघरात आले, मला खुंटीवरून काढलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. वाख कुठंच तुटलेला नव्हता. मी तोवर पुरता वाळलो होतो, आणि खाली चुलीत लाकडं रचलेली होती.

"चुकलं बाबा माझं," ते मला म्हणाले. दोराशी बोलणारा माणूस पाहून रुक्माबाई पदराआड हसल्या. मला मात्र भरून आलं.

मित्रांनो, कुणाला चुलीत घालायच्या आधी त्याची टोकं एकदा हातात घेऊन पाहा. इंग्लंडातल्या त्या माणसालाही माफी मिळाली, पण ती ऐकायला तो नव्हता. माझी ऐकायला मी होतो.