खंडेनवमीचे ऊन

मित्रांनो, मी एक जुना, लाल चकाकणारा कण आहे. जुना म्हणजे वर्षभराचाच. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येते. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारभर शेजारी शेजारी मावतील.

जळगावच्या एका कॉलेजात दिपमालाताईंनी मला घडवले. वाळू ज्या द्रव्याची, त्याचाच मी. पोटात मात्र लाल रंग, हिरवा प्रकाश पडला की चकाकणारा. जिवंत पेशीत शिरायचे आणि आतून चमकायचे, म्हणजे पेशीत काय चालते ते ताईंना दिसेल, एवढेच माझे काम. पण उजेडात हा रंग कायमचा विटतो. म्हणून ताईंनी आमच्या कुपीला चंदेरी कागद गुंडाळला होता. कुपीत आम्ही अब्जावधी, पण अंधारात कोणी कोणाला दिसत नसे. मला फार एकटे वाटे.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतली उपकरणे खिडकीपाशी पूजेला मांडली. शिपाई रुपचंदभाऊ म्हणाले, "ताई, झाकेल चीजनी पूजा कशी करानी?" ताईंना भाऊंचे मन मोडवेना. घटकाभरच, म्हणून त्यांनी कागद काढला. मग भाऊंनी बजावले, की पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. ताईंनी संकोचाने कुपी तशीच उघडी राहू दिली आणि त्या सणाला एरंडोलला घरी गेल्या. हळदकुंकू लावलेल्या कुपीवर दिवसभर ऊन पडले. माझे भाऊबंद विटत गेले. मी त्यांच्या आड, तळाशी होतो, म्हणून वाचलो. एवढा मान आम्हाला सोसला नाही.

पुढे धुळ्याचा मोठा सूक्ष्मदर्शक ताईंना एकच दिवस मिळाला. आम्हाला ज्यांत सोडले होते त्या पेशींची पेटी सांभाळत भाऊ सोबत आले. ताईंनी पाहिले, तर पेशी काळ्याच. त्या डोळे पुसत एकेक पेशी शोधत राहिल्या. वर्षाची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. अखेर एका पेशीत मी दिसलो, आणि फोटो निघाला.

भाऊ कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. "कागद मीच काढला, भाऊ. दोष तुमचा नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांना पाहायला बोलावले. भाऊ वाकले. कामाशिवाय, नुसते मला पाहणारे ते पहिलेच. होता नव्हता तेवढा जोर लावून मी चमकलो आणि सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या उजेडात मंद होऊ लागलो.

मित्रांनो, ज्याला जपायचे त्याला काय सोसत नाही, ते आधी जाणून घ्या. भाऊंना ते तेव्हा कळले.

"दिवा बंद करी दे, ताई," ते हळूच म्हणाले. "थकी गयं व्हई ते."

ताईंनी दिवा बंद केला. तो अंधार मला पहिल्यांदाच आवडला.