सुथिनचं यकृत

मी एक जुनं यकृत आहे. मून नदीकाठच्या सुथिन नावाच्या मासेमाराच्या उजव्या बरगड्यांखाली अठ्ठावन्न वर्षं राबत आहे.

मित्रांनो, पूर्वी आमचं सुरळीत चालायचं. दात चिकट भात बारीक करत, जठर तो आम्लात घुसळून पातळ करी. मी पित्त पाठवलं की लहान आतडं चरबी फोडी, सत्त्व शोषून घेई आणि रक्तातून माझ्याकडे धाडी. उरलेल्या चोथ्यातलं पाणी मोठं आतडं काढून घेई. "सुथिनला दगडही पचतो," असं गाव म्हणे. कौतुक त्याचं, कष्ट आमचे!

घात केला कच्च्या माशाने. नदीतले बारके मासे चिरून, लिंबू आणि तिखट चोळून सुथिन चवीने खाई. लिंबाने मांस पांढरं पडलं की ते शिजलं, अशी त्याची पक्की समजूत. पण त्या मांसात डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या कवचात दडून असतात. जठराने आणि आतड्याने इमानेइतबारे ती कवचं विरघळवली. मोकळ्या झालेल्या अळ्या पित्ताच्या नळीतून थेट माझ्या घरात शिरल्या आणि चपटे जंत होऊन ठाण मांडून बसल्या. आरोग्य केंद्रातली गोळी घेतली की ते मरत, आणि आठवडाभरात तेच ताट पुन्हा सुथिनपुढे येई. माझ्या नळ्यांची जखम काही भरली नाही. मला याचा फार राग येतो.

यंदा त्या जुन्या जखमेत गाठ वाढली आणि नळ्या तुंबल्या. पित्त रक्तात उतरलं, सुथिनचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. तरी काल दुपारी ताट आलंच. मांडीवर सहा वर्षांची नात, दाओ.

"आजोबा, मला पण!"

"घे गं राणी. लिंबू भरपूर पिळलंय."

त्याची बायको बुआलाई चुलीपासून ओरडली, "आधी आरशात डोळे बघा स्वतःचे! तुमचे भाऊ असेच पिवळे होऊन गेले. विसरलात?"

"गोळी असते की! एका घासानं काय होतंय?"

बुआलाईने धावत येऊन ताट ओढलं आणि सगळा मासा तापल्या कढईत ओतला. सुथिन रुसून भिंतीकडे तोंड करून बसला. दाओने मात्र तोवर घास गिळला होता.

मित्रांनो, मासा विस्तवावर नीट शिजवून खा, लिंबावर विसंबू नका. माझे दिवस भरत आले आहेत. पण दाओला कुणीतरी लवकर तपासायला न्या, आणि तिच्यावर नजर ठेवा. तिला ती चव आवडली आहे.