आत्यानं दाखवलेली जागा

"इथं नाई बापा. इथं त आंबा होता," म्हणत धनीबाई पुन्हा थांबली.

शालिकरामनं आत्याचा दंड धरला. सकाळपासून शिरपूरजवळच्या या शिवारात तिनं एकेक जागा दाखवायची आणि लगेच नाही म्हणायचं, असं चाललं होतं. आंबा गेला होता, नाल्यानंही वळण बदललं होतं.

शालिकराम अंगावर पीत होता तेव्हा देवीच्या साथीत त्याची आई गेली. देवीनं गेलेल्याला जाळत नसत. माणसांनी घाईघाईनं पुरलं आणि गाव सोडलं. वडिलांनी वाशीमच्या बाजूला दुसरा संसार मांडला, आणि तिचं नाव पुन्हा काढलं नाही. शालिकरामचा जन्म वांग्या-मेथीला पाणी देण्यात आणि बाजार गाठण्यात गेला. आता गुडघे थकले, मळा पोराकडे गेला आणि आईच्या उशाशी एकदा दिवा लावावा, एवढंच मनात उरलं. पुरायला गेलेल्या माणसांच्या मागं तेव्हा लपतछपत गेलेली धनीबाईच आता तेवढी जिवंत होती.

"काय शोधून राह्यले भाऊ?" वावराचा मालक बाबूसिंग धुऱ्याच्या बांधावरून आला. ऐकून त्याचा चेहरा आक्रसला. "समाधी-बिमाधी बांधसान त जमनार नाई. उद्या लोकं वावरातून वाट मागतीन."

"काई नाई बांधत. दिवा लावतो न् जातो."

बाबूसिंगनं धापा टाकणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं. "सोयाबीन तुडवू नका म्हंजे झालं," म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

धनीबाई चार पावलं चालली आणि बांधाकडेला मटकन बसली. "इथंच. इथंच हाये तुई माय."

तिनं आजूबाजूला पाहिलंसुद्धा नव्हतं. शालिकरामच्या ते ध्यानात आलं.

त्यानं हातानं गवत उपटलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या. दिवा वाऱ्यानं विझला. पुन्हा लावून त्यानं तळव्याचा आडोसा धरला. खूप काही बोलायचं ठरवून आला होता. "माय," एवढंच तोंडातून आलं. आयुष्यात ज्या शब्दानं कधी कोणाला हाक मारली नव्हती, तो त्याला स्वतःलाच परका वाटला.

परतताना ऑटोत आत्या त्याच्याकडे वळली.

"शालिक, खरं सांगू का? ते जागा..."

"तेच होती आत्या," तो म्हणाला. "मले समजलं."

तिनं डोळे मिटले. रस्ता खराब होता. गचके बसू नयेत म्हणून त्यानं तिचे सुजलेले पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले.